लॉइड, बादली आणि सतरा विजय

अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत आमच्या केल्टन गावात दोन गोष्टींनी मान टाकली होती. एक माझ्या स्वयंपाकघरातला एसी आणि दुसरा आमचा बेसबॉलचा संघ. संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला पुढचं सगळं दिसलं असावं, कारण आमची पोरं मैदानात एका पायावर उभी राहायची आणि चेंडू शेजारून निघून जायचा. ओळीनं अकरा सामने हरले होते. ते अकराही मी पेन्सिलीनं वहीत उतरवले होते, एकेक चेंडू. हरलेला सामना लिहायचा कंटाळा करणाऱ्यांना मी चाहते म्हणत नाही, पाहुणे म्हणते.

मी अर्लीन पाकुला, तेव्हा सत्तावन्न वर्षांची. वर्षातले नऊ महिने शाळेच्या खानावळीत तीनशे पोरांना वाढायचं आणि उरलेले तीन महिने जगायचं, असा माझा हिशेब. उन्हाळ्यात सकाळी उठले की पेपर मागून उघडायचा. आधी बगळे, मग बाकीचे संघ, मग मेलेल्यांची पानं, आणि वेळ उरलाच तर राष्ट्राध्यक्ष. मग टोमॅटोंना पाणी, दुपारी पंख्याखाली लोळणं, आणि संध्याकाळी सातला सामना. गावात असला तर आठ गल्ल्या चालत मैदानात जायचं, तिसऱ्या बेसच्या मागे माझी ठरलेली जागा होती. बाहेरगावी असला तर स्वयंपाकघरातला रेडिओ. यात बदल करायला मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तर एसी गेला. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती, मका उभ्याउभ्या वाळत होता, आणि गावातले सगळे दुरुस्तीवाले दोन-दोन आठवड्यांच्या तारखा देत होते. एकच माणूस लगेच येण्यासारखा होता, आणि तो होता लॉइड, माझा आधीचा नवरा. एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात, हंगाम संपल्यावर, तो घर सोडून गेला होता. हंगाम संपेपर्यंत थांबला, एवढी माणुसकी त्याच्यात होती. लोक म्हणायचे, बेसबॉलमुळे मोडलं. मी म्हणायचे, त्याच्या घोरण्यामुळे. खरं कारण दोघांनीही कुणाला सांगितलं नव्हतं, एकमेकांनासुद्धा.

मंगळवारी, बारा जुलैला, लॉइड संध्याकाळी पावणेसातला आला. अंगात तोच तपकिरी शर्ट, हातात हत्यारांची पेटी. खिडकीतलं ते धूड त्यानं उतरवून टेबलावर ठेवलं आणि त्याचं पोट फाडलं. खुर्च्यांवर मी काकड्यांच्या बरण्या मांडल्या होत्या, म्हणून तो रंगाच्या रिकाम्या बादलीवर, ती पालथी घालून, बसला. मी रेडिओ लावला, वही उघडली. आमचं बोलणं काही झालं नाही. तो स्क्रू काढत होता, मी रेघा मारत होते. आणि बगळे जिंकले, पाच-एकनं.

मोटर जळाली होती, नवीन मागवावी लागणार होती. बुधवारी तो आतली जाळी साफ करायला आला, बादलीवर बसला, बगळे जिंकले. गुरुवारी मोटर आली. लॉइडनं ती बसवली आणि सहाव्या डावाच्या सुमाराला म्हणाला की आता चार स्क्रू लावले की झालं. तेव्हा बगळे दोन धावांनी पुढे होते. मी पेन्सिल खाली ठेवली आणि त्याला म्हणाले, हात लावू नकोस.

एखाद्या शहाण्या माणसानं कारण विचारलं असतं. लॉइड माझ्याबरोबर बावीस वर्षं राहिला होता, त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. संघ जिंकत असताना काहीही हलवायचं नाही, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. ज्या जागी बसलात त्या जागी बसा, जे अंगात होतं तेच घाला, जे मोडलेलं होतं ते मोडलेलंच ठेवा. बगळे जिंकले. मी लॉइडला म्हणाले, उद्या पावणेसातला ये, शर्ट धुवू नकोस.

चौथ्या दिवशी शेजारच्या डेल्फीनबाई रूबार्बची पाय, म्हणजे आंबट देठं भरून थाळीत भाजलेला गोड पदार्थ, घेऊन आल्या. वय शहात्तर, गुडघे दोन्ही गेलेले, आणि बगळ्यांचा एकही घरचा सामना त्यांनी चोवीस वर्षांत चुकवला नव्हता. त्यांनी टेबलावरचा उघडा एसी पाहिला, बादली पाहिली, बादलीवरचा लॉइड पाहिला, आणि एक शब्द न विचारता पायची थाळी फ्रीजवर ठेवून हलक्या पावलांनी परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं.

मग जे सुरू झालं ते सांगायलाही मला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. लोक लॉइडसाठी जेवण पाठवू लागले. उकडलेली भरलेली अंडी, बटाट्याचं सॅलड, मक्याची कणसं. बाराव्या विजयानंतर लॉइड हँक डेबोल्टच्या दुकानात चार स्क्रू घ्यायला गेला, जुने हरवले होते, नवे नुसते जवळ असावेत म्हणून. हँकनं विचारलं, अर्लीनच्या एसीसाठी का? लॉइड हो म्हणाला, तर हँकनं त्याला दुकानाबाहेर काढलं आणि वर म्हणाला की खिळे, तारा, गोंद यातलंही काही मिळणार नाही.

उकाड्यानं मी अर्धमेली झाले होते. रात्री ओला टॉवेल अंगावर टाकून मागच्या ओट्यावर पडायचं. सामन्याच्या वेळी स्वयंपाकघर भट्टीसारखं तापायचं. सगळ्यात मोठा त्याग म्हणजे घरच्या सामन्यांनाही मी मैदानात जात नव्हते. आठ गल्ल्यांपलीकडे माझी खुर्ची रिकामी, आणि मी उघड्या खिडकीशी बसून लोकांचा गलका ऐकते आहे. आधी रेडिओवर कळायचं, मग खिडकीतून आवाज यायचा. लॉइडचा शर्ट तोपर्यंत स्वतःच्या पायावर उभा राहील अशा अवस्थेला आला होता. पण तेरा झाले, चौदा झाले. संघ एकतीस वर्षांत पहिल्यांदा बाद फेरीच्या तोंडाशी आला होता.

मनाला टोचणी नको म्हणून मी शनिवारी फादर ओहर्नकडे कबुलीला गेले. घटस्फोट झालेला नवरा रोज तीन तास माझ्या स्वयंपाकघरात बसतो, हे पाप आहे का, असं विचारलं. 

"बादलीवरच बसतो ना?" जाळीपलीकडून फादरनी विचारलं.

"हो, फादर."

"खुर्ची देऊ नकोस," ते म्हणाले, आणि मला प्रायश्चित्तसुद्धा दिलं नाही.

सगळं झकास चाललं होतं, एक गोष्ट सोडून. लॉइड एक ऑगस्टला जाणार होता. हे त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, जाळी साफ करता करता. त्याचा भाऊ दूर वाळवंटात, टूसॉनला असतो, तिथे एक खोली रिकामी होती, आणि इथली भाड्याची जागा त्यानं सोडली होती. तेव्हा मी नुसतं हं म्हणाले होते. तेव्हा तो माझ्यासाठी नुसता एसीवाला होता. आता तारीख जवळ आली तसं गाव हवालदिल झालं. डेल्फीनबाईंनी त्याच्या ट्रकच्या टायरमधली हवा सोडायची तयारी दाखवली, फक्त वाकायला कोणीतरी मदत करावी म्हणाल्या. हँकनं तर त्याला फुकट राहायला दुकानावरची माडी देऊ केली. सगळे मला सांगत, अर्लीन, तू त्याला थांबव, तुझं तो ऐकेल.

थांबवायचं होतंच मला. गोची अशी की कशासाठी, ते मला सांगता येत नव्हतं. आधी मला सातची वाट असायची. मग केव्हातरी, दहाव्या-अकराव्या विजयाच्या आसपास, मी पावणेसातची वाट बघायला लागले. त्याच्या ट्रकचा आवाज कोपऱ्यावर आला की मी केस सारखे करायचे आणि स्वतःलाच शिव्या घालायचे. मला त्याची सवय झाली होती, असं मी तेव्हा म्हणत होते. सवय हा भित्र्या माणसाचा शब्द आहे. मला तो हवा होता. पण आता राहा म्हटलं असतं तर गावातल्या शेंबड्या पोरालाही वाटलं असतं की बाई बाद फेरीसाठी नवरा अडकवून ठेवते आहे. आणि लॉइडला तर तसं वाटणारच होतं. बावीस वर्षांत मी त्याला दुसरं काही वाटायला कारणच दिलं नव्हतं.

शेवटचा रविवार उजाडला, एकतीस जुलै. सतरा विजय झाले होते. सामना गावातच, दुपारी एकचा. फादरनी प्रार्थना वीस मिनिटांत गुंडाळली आणि पावसासाठी देवाला साकडं घालायचंही विसरले. लॉइड साडेबाराला आला. ट्रक त्यानं दारातच लावला होता आणि मागे सगळं सामान दोरीनं बांधलेलं दिसत होतं, गादी, दिवा, दोन खोकी. पहाटे निघणार म्हणाला. मी सरबत दिलं आणि वही उघडली.

सामना चुरशीचा झाला. सातव्या डावात बगळे तीन-दोननं पुढे. आठव्या डावात आमच्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, दम गेला. एक आउट, दोन आउट, आणि मग त्याला काय झालं देव जाणे, त्यांचे तीन खेळाडू एकामागून एक बेसवर जाऊन बसले. तिन्ही बेस भरलेले, म्हणजे एक फटका मैदानाबाहेर गेला की चार धावा. रेडिओवरचा बाबा खालच्या आवाजात बोलायला लागला. आणि नेमक्या त्या वेळेला लॉइडनं घसा खाकरला.

"अर्लीन, एक विचारायचं होतं."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. डावा हात वर केला, पंजा पसरून. थांब. तो हात मी उचलला नव्हता, आपोआपच वर गेला.

"हाच हात," लॉइड म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मी मान वळवली.

"एकोणऐंशीचा ऑगस्ट," तो म्हणाला. "मी त्या दारात उभा होतो. कारखान्यातून काढल्याचं सांगायला आलो होतो तुला. वीस वर्षांची नोकरी. तू हाच हात वर केलास. मी थांबलो. सामना संपला, तू वही भरत बसलीस, मग मी झोपायला गेलो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सांगू. पण मग सांगावंसंच वाटेना. तुला तीन आठवड्यांनी कळलं, तेसुद्धा डेल्फीनबाईंकडून."

डेल्फीनबाईंकडून कळलं हे मला आठवत होतं. त्यावरून मी त्याच्याशी भांडलेही होते, मला आधी का सांगितलं नाहीस म्हणून. हात मात्र आठवत नव्हता. नऊ वर्षं मी या माणसाला घुम्या म्हणत आले होते आणि तो दारात उभा राहून माझ्या पंज्याकडे बघत होता. मला इतकी शरम वाटली की घाम यायचा थांबला. रेडिओवर त्यांचा सगळ्यात दांडगा फलंदाज खेळायला येत होता आणि मी ऐकत नव्हते.

"आता काय विचारायचं होतं?" मी म्हणाले.

"ही पोरं हरली, तरी मी यायचं का?"

मी पेन्सिल वहीवर ठेवली.

"सामान बांधलंय," तो म्हणाला. "सोडायला दहा मिनिटं लागतील. पण जिंकण्यासाठी राहा म्हणणार असशील तर मी पहाटे जातो. माझं वय झालं, अर्लीन. आणि ही बादली फार टोचते."

ये म्हणायला काय लागतं? जीभ हलवायची. पण बगळे पुढे असताना, बाद फेरी दारात असताना, मी ये म्हटलेलं त्यानं का खरं मानावं? मीसुद्धा मानलं नसतं. माझ्याकडे त्याला देण्यासारखी एकच वस्तू होती, आणि ती रेडिओवर चालली होती.

मी उठले आणि रेडिओ बंद केला.

चौतीस वर्षांत मी डाव अर्धा सोडून रेडिओ बंद केला नव्हता. एकदा ओव्हननं पेट घेतला होता, तेव्हासुद्धा आधी आवाज वाढवला होता आणि मग आग विझवली होती. लॉइडचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या माणसाला दुसरा बेस कुठे असतो ते धड सांगता येत नव्हतं, तो बादलीवरून ताडकन उठला.

"अगं, चालू कर. हे लोक मला झाडाला टांगतील."

"टांगू देत. तो एसी जोड."

"आत्ता?"

"आत्ता. आणि तो शर्ट काढ, मला श्वास घेता येत नाही."

मला वाटलं होतं, आता स्क्रू कुठून आणायचे. त्यानं पँटच्या खिशातून चार स्क्रू काढून टेबलावर ठेवले. शेजारच्या गावातून आणले होते, आठवडा झाला होता. मग लावले का नाहीस, असं मी विचारलं. म्हणाला, तू सांगितलं नव्हतंस. बनियनवर उभा राहून तो काम करू लागला आणि मी पत्रा धरून उभी राहिले. दुसरा स्क्रू बसत होता तेव्हा खिडकीतून आवाज आला. आठ गल्ल्यांपलीकडून, हजार-दीड हजार माणसांचा एक लांबलचक कण्हण्याचा आवाज. तो कशाचा ते मला कळलं. बेसवरचे तिघे आणि मारणारा चौथा, सगळे निवांत चालत चार धावा पुऱ्या करत होते.  लॉइडनं स्क्रू ड्रायव्हर थांबवून माझ्याकडे बघितलं.

"लाव," मी म्हणाले.

दोघांनी मिळून ते धूड उचललं आणि खिडकीत बसवलं. त्यानं बाजूच्या फटी दाबून बंद केल्या, आणि मैदानाचा आवाज तुटला. बटण दाबल्यावर यंत्र आधी खोकलं, मग घरघरलं, मग त्यातून धुळीचा वास मारणारी गार हवा आली. वीस दिवसांत पहिल्यांदा. आम्ही दोघं त्या हवेसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिलो, घामानं निथळत, दोन म्हाताऱ्या म्हशींसारखे.

"हरले तरी ये," मी म्हणाले. "हरतीलच."

तो बाहेर जाऊन दोऱ्या सोडायला लागला. त्याला दहा मिनिटं लागली नाहीत, अर्धा तास लागला, कारण गाठी त्यानं फार पक्क्या मारल्या होत्या. मी काकड्यांच्या बरण्या खुर्च्यांवरून उचलून जमिनीवर ठेवल्या.

सामना किती-कितीनं गेला ते मला सोमवारी सकाळी पेपरात कळलं. नऊ-तीन. वहीत आठव्या डावाच्या मध्यापासून पुढचं पान कोरं आहे, आजही आहे. पेपर वाचत होते तेवढ्यात डेल्फीनबाई आल्या. खिडकीतला एसी चालू होता. त्या दारातच थांबल्या.

"सतरा झाले होते, पोरी," त्या म्हणाल्या.

"हो."

"अठरावा हातात होता."

"हो, डेल्फीनबाई."

त्यांनी खुर्चीवर बसून कॉफी पिणाऱ्या लॉइडकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि पायची रिकामी थाळी मागून घेतली. गार हवेत मात्र त्या मिनिटभर जास्त उभ्या राहिल्या. सप्टेंबरपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. हँकनं लॉइडला दुकानात घेणं पुन्हा सुरू केलं, पण सुटे पैसे द्यायचे बंद केले. फादर ओहर्ननी मला बोलावून घेऊन प्रायश्चित्त दिलं, पाच जपमाळा, आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

बगळे त्यानंतर ओळीनं नऊ सामने हरले. बाद फेरी लांबच राहिली, ते शेवटून दुसरे आले, आणि शेवटचं यायला त्यांना फक्त अजून एक हार हवी होती. लॉइडनं हँकची माडी नको म्हणून सांगून आमच्या चर्चमागे एक खोली घेतली. माझ्या घरी लगेच राहायला येणं त्याला घाईचं वाटत होतं. सत्तावन्न आणि साठ वर्षांच्या माणसांना घाई कसली? संपूर्ण ऑगस्टभर बगळे हरत होते आणि तो रोज पावणेसातला येत होता, धुतलेल्या शर्टात.

एका शुक्रवारी बाहेरगावचा सामना चालू होता. बगळे अकरा-शून्यनं मागे होते आणि नववा, शेवटचा डाव तेवढा व्हायचा होता. लॉइड कणसाचे दाणे सुरीनं सोलून एका वाडग्यात टाकत होता. सुरी थांबवून त्यानं विचारलं, "अर्लीन, यांच्यात खेळता कुणाला येतं?"

मी वहीवरनं नजर फिरवली, नावं वाचली, आणि प्रामाणिकपणे विचार केला.

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

"मग रोज ऐकतेस कशाला?"

मी पेन्सिल खाली ठेवून त्याच्याकडे बघितलं. टक्कल, धुतलेला शर्ट, दाढीत अडकलेला मक्याचा दाणा.

"तू रोज येतोस कशाला?" मी विचारलं.